टिटवीचा लेख, हत्तीची सही

एका जंगलात, बाळांनो, लिहिणारे फार होते आणि वाचणारे कमी. तरीही तिथे 'अरण्यशोध' नावाचं विद्वानांचं त्रैमासिक निघायचं. साळिंदरराव त्याचे संपादक. पाठीवरचा एक काटा उपटला की झाली त्यांची लेखणी.

तळ्याच्या बांधाखाली रेवती नावाची टिटवी राहायची. घुशींनी बांध आतून पोखरलाय, हे तिच्या लक्षात आलं. दोन वर्षं तिनं एकेक बीळ मोजलं, खोली मापली आणि लेख लिहिला. येत्या पावसात बांध फुटणार! तिची चार अंडी बांधाच्या पायथ्याशीच होती.

आठवड्यात लेख परत आला. वर शेरा होता, 'भाषा बाळबोध. पुरावा तोकडा. निष्कर्ष आगाऊ.'

रेवती थेट कचेरीत गेली. "साळिंदरराव, चुकलं कुठे ते तरी सांगा."

"टिटवीबाई, टिटवी समुद्र आटवते ती म्हणीत. आमच्या अंकात नाही."

मग ती दंतोपंत हत्तींकडे गेली. पंतांनी फार पूर्वी बांबूच्या पचनावर एक ग्रंथ लिहिला होता. तेव्हापासून ते नुसते सत्कार घेत होते.

"पंत, एवढं वाचता का?"

"वाचन सोडलं गं मी. सही कुठे करू?"

रेवतीला वाईट वाटलं. पण अंडी डोळ्यांसमोर आली. तिनं आपलं नाव खोडलं आणि जागा दाखवली.

लेख तोच. काना-मात्रासुद्धा तीच. साळिंदररावांचे काटे आनंदानं उभे राहिले. "काय सोपी भाषा! किती नेमका पुरावा! आणि निष्कर्षाचं धाडस बघा!"

लेख पहिल्या पानावर आला. जंगलभर जयजयकार झाला. बांध दुरुस्त करायचं कुणालाच सुचलं नाही. पंतांचा सत्कार करायचं मात्र सगळ्यांनाच सुचलं, आणि तोही बांधावर.

"अहो, तिथे नको!" रेवती ओरडली.

"तुम्हाला या विषयातलं काय कळतं?" साळिंदरराव म्हणाले.

पंत हार घ्यायला बांधावर चढले. पाऊस यायच्या आधीच बांध फुटला. पंत पोहून बाहेर आले. अंडी गेली.

रेवती तीन दिवस चिखल उकरत होती. मग तिनं दुसरा लेख लिहिला. पोखरलेला बांध पंतांच्या वजनानं फुटला, एवढंच त्यात होतं.

लेख उलट टपाली परत आला. 'पंतांनी आपला सिद्धांत स्वतः प्रयोग करून सिद्ध केला आहे. त्यांचा मूळ लेख आपण वाचलेला दिसत नाही.'

तात्पर्य : बाळांनो, खरं शोधण्यात आयुष्य घालवू नये. आधी आपलं वजन वाढवावं. मग आपण पाय ठेवू तिथे खरं आपोआप घडतं.