निर्गुडीची उरलेली बादली

समोरच्या दमयंतीकाकूंनी मला फसवलं. मला, म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमध्ये कटपीसचं दुकान स्वतःच्या जिवावर उभं केलेल्या माणसाला, ज्याच्याशी घासाघीस करताना सिंधी व्यापारीही घाम पुसतात.

थंडी पडली की काकू भेटेल त्याचं कोपर दाबून बघतात आणि निकाल देतात, "मुरलीय." म्हणजे थंडी हाडांत मुरलीय. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाचे पाय त्यांनी आधी गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवले, मग सही केली. तो बिचारा पुढच्या गिऱ्हाइकांचे फोन तिथेच बसून घेत होता.

औषध एकच. वांगणीला भावाच्या बांधावरून आणलेला निर्गुडीचा पाला आणि मूठभर ओवा उकळून केलेलं आंघोळीचं पाणी.

एका हिवाळ्यात माझी कंबर धरली. दुकानाचं शटर उचलेना. काकू बादली घेऊन दारात. मी कुणाचे उपकार घेत नाही, असं तोंडावर सुनावलं. त्या म्हणाल्या, "उपकार कसले? उरलंय. नाहीतर मोरीत ओतते."

उरलेला माल म्हटल्यावर माझा विरोध संपला. कटपीस म्हणजे ताग्यांचे उरलेले तुकडेच, माझं पोटच त्यावर आहे. चार दिवसांत कंबर सैल झाली, शटर वर गेलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात काकूंचं पाणी उरायचं, आणि मी ते ऐटीत उचलून वर पाला कमी पडला म्हणून कुरकुरायचो.

यंदा काकू तापाने पडल्या. बायको पेज घेऊन गेली, मागून मी. घरात एकच ताट, एकच पेला. तेव्हा विचारलं, एकट्या बाईचं रोज बादलीभर उरतं कसं?

"तुझे काका अंबरनाथच्या कंपनीतून रात्रपाळी करून यायचे, त्यांच्यासाठी ठेवायची," काकू म्हणाल्या. "ते गेले आणि दुसरी बादली ठेवायला कारणच राहिलं नाही. तुझी कंबर धरली, बरं झालं."

अख्खा तागा फाडून कटपीस म्हणून खपवणारे मी नुसत्या कडेवरून ओळखतो. इथे मात्र साफ फसलो.

आज सकाळी त्यांचा ताप उतरला, तेव्हा मीच पाला उकळला. बादली त्यांच्या मोरीत ठेवली आणि म्हणालो, उरलंय. त्यांनी माझं कोपर दाबलं, पण बोलल्या काहीच नाहीत.

असं गप्प बसून चालणार नाही. इतके हिवाळे मला ताजा माल उरलेला म्हणून दिला, याचा जाब काकूंनी द्यायलाच हवा. पण काकू, आधी आंघोळ करा, पाणी निवतंय.