वायरीचं सुतक

पद्माकर सबनीसांच्या घरातल्या इंटरनेटच्या वायरीला सुतक लागलं होतं, आणि हे उघड झालं तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी. तोवर बिचारे सबनीस राउटरलाच शिव्या घालत होते.

मिरजेत रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला त्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघराच्या दारावर एक आणि मागच्या खोलीत एक, असे तीन पांढरे डबे बसवलेले. मेश राउटर म्हणतात त्याला. हे डबे आपापसात हवेतून बोलतात आणि घरभर वायफाय पसरवतात. त्यांची काही कुरकुर नव्हती, मोबाइलवर स्पीड दोनशेच्या घरात होता. मागच्या खोलीतल्या डब्यातून एक निळी वायर कॉम्प्युटरला जात होती, तिच्यातून मात्र एकसुद्धा पुरता मिळेना. खरं तर उलटं व्हायला हवं. वायर म्हणजे पक्की आणि हवेचा काय भरवसा, असंच आपण सगळे धरून चालतो.

तो कॉम्प्युटर कुमुदताईंचा, म्हणजे सबनीसांच्या बायकोचा. अडीच महिन्यांपूर्वी त्या गेल्या. आजारी पडण्याआधी सात वर्षं, रोज दुपारी जेवणं झाली की त्या मागच्या खोलीत बसून अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायच्या. इतिहास, कायदा, रेल्वेच्या परीक्षेचं गाईड, जे येईल ते. वाचलेलं एका संस्थेकडे पाठवून द्यायच्या. अशी चारशे बारा ध्वनिमुद्रणं झाली होती. सबनीसांनी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. घरात माणूस चालतंबोलतं असताना त्याचं मुद्रण कोण कशाला ऐकेल?

आता संस्थेचं पत्र आलं होतं. जुना साठा तीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता कायमचा पुसला जाणार, ज्यांना हवं त्यांनी आपलं उतरवून घ्यावं. सबनीसांना हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्याच्यावर त्यांचा जीव टांगला होता, कारण पंधरा दिवसांपूर्वी देवाला दिवा लावताना त्यांच्या लक्षात आलं होतं की कुमुदचा आवाज आपल्याला आठवत नाही. चेहरा आठवत होता. शेवटच्या वर्षातल्या गोळ्या वेळेसकट आठवत होत्या. आवाज तेवढा कुठं गेला होता कोण जाणे. कॉम्प्युटर उघडून त्यांनी तिचं नाव टाइप केलं, आणि त्या घटकेपासून वायर मंदावली.

कंपनीचा माणूस इरफान मुल्ला तीन दिवस येत होता. पंचेचाळिशीचा, सावकाश बोलणारा, कामाला चोख. त्यानं राउटर बंद करून चालू केला. वायरीची टोकं कापून नवी बसवली. डब्यातलं वायरीचं भोक बदललं. कॉम्प्युटर उचलून थेट हॉलमधल्या मोठ्या डब्याला लावला. शेवटी जुनी वायर काढून कोरी करकरीत नवी टाकली. तिच्यातूनही तेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणावं तर आड तुडुंब होता.

चौथ्या दिवशी, म्हणजे पंचवीस तारखेला, त्यानं हापिसातून मोठा टेस्टर आणला आणि वायरीला लावला. पडदा बघून त्यानं आधी पायातले मोजे नीट केले, मग म्हणाला, "साहेब, वायरीत काय बी दोष न्हाई. सुतक हाय."

"कुणाचं?"

"वहिनींचंच असंल की. सात दिवस शिल्लक दाखवतंय."

"पण ही वायर तुम्ही काल आणलीत. हिचा काय संबंध?"

"घरात आली की घरचीच झाली, साहेब. सून न्हाई का तशी." इरफाननं पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुमच्याकडं दहाचं सेटिंग असतंय. आमच्या मोहल्ल्यात तीनचं. मोजायला कुठनं सुरू करायचं ते हापिसात विचारा."

सबनीसांनी तिथंच उभं राहून तक्रार विभागाला फोन लावला. पलीकडे कारंडे मॅडम होत्या. आवाज स्वच्छ, उतावीळपणा अजिबात नाही. त्यांनी ग्राहक क्रमांक विचारला, मृत्यूची तारीख विचारली, आणि मग विचारलं, "आपण सुतक किती दिवस पाळलंत?"

मुलगा अमोघ कॅनडाहून आला होता, त्याला आठवड्याची रजा. गुरुजी म्हणाले, हल्ली तीन दिवसांत उरकतात, शास्त्राला चालतं. सबनीसांनाही ते बरं वाटलं होतं. चौथ्या दिवशी घर धुऊन काढलं, पाचव्या दिवशी अमोघचं विमान होतं.

"तीन," ते म्हणाले.

"मग बरोबर आहे. उरलेले सात वायरीवर आलेत. घरात कुणीतरी पाळावंच लागतं, सर. नोंद आजची धरते. दोन तारखेला स्पीड पूर्ववत होईल."

"मला तीस तारखेच्या आत हवंय. वायफाय चालतंय ना? त्याच्यावरून उतरवतो."

"वायफाय हवेतलं. त्याला कुणाचंच लागत नाही, म्हणून ते चालू आहे. पण बाईंचा आवाज वायरीतून गेलाय. ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत येणार."

सबनीसांनी मोबाइलवर करून पाहिलं होतं आणि काहीच उतरलं नव्हतं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. नियम म्हटला की त्याला पळवाटही असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, यावर काही तोडगा?

"आहे ना," मॅडम म्हणाल्या. "आपणही बसा. एक दिवस वायरीचा, एक आपला, असे रोज दोन वजा होतील. एकोणतीसला मोकळे व्हाल. रोज सकाळी आमचा माणूस रीडिंग घेईल."

सबनीस त्याच दिवशी बसले. मागच्या खोलीत वायरीशेजारी चटई अंथरली. गादी नाही, दाढी नाही, गोडधोड नाही. देवपूजा शेजारच्या आपटे वहिनींवर सोपवली. आपटे वहिनींनी कारण विचारलं आणि ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आमच्या गीझरनं सासूबाईंचं वर्ष पाळलं होतं. तुम्हाला पिठलं-भात आणून देते." अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं.

सव्वीसला इरफाननं रीडिंग घेतलं. पाच हवं होतं, सहा आलं.

"वायरीचा दिवस लागलाय साहेब, तुमचा न्हाई लागला."

सत्तावीसला पाच आलं. अठ्ठावीसला चार. वायर इमानेइतबारे आपला एकेक दिवस खाली उतरवत होती आणि सबनीसांच्या नावावर रोज शून्य पडत होतं. त्यांनी फोन लावला, आणि या वेळी ते चिडले होते.

"मी तीन दिवस चटईवर झोपतोय. कंबर धरलीय माझी. आणखी काय करायचं?"

"आपण बसलात सर. पाळलं नाहीत," कारंडे मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. "इथं दुःखाच्या रकान्यात काही दिसत नाहीये."

"चौदा महिने मी तिचं सगळं केलंय. उठवणं, बसवणं, सगळं. रडारड मला जमत नाही."

"रडण्याची अट नाही. आठवण लागते. आपण त्यांना आठवताना टेस्टर नुसता शांत आहे."

"कारण मला तिचा आवाज आठवत नाही, बाई." सबनीसांचा आवाज चढला, तो रागानं की कशानं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "ती समोर येते, तोंड हलतं, आणि ऐकू काही येत नाही. आवाज आला तर मी पाळेन. आणि पाळल्याशिवाय तुम्ही आवाज देत नाही."

पलीकडे कागद चाळल्यासारखं झालं.

"हो, तसं होतंय खरं," मॅडम म्हणाल्या. "नियमात यावर काही लिहिलेलं नाही. मी वर कळवते."

वरून काही आलं नाही. वरून कधी काही येतं? एकोणतीसला तीन आलं. सबनीसांनी त्या दिवशी पिठलं-भात तसाच ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना वाटलं, मोठी चूक झाली. सात दिवस बसायला असं काय लागत होतं? अमोघला जायचं तर जाऊ द्यायचं होतं, आपण एकट्यानं बसायचं होतं. घर इतकं रिकामं होतं की नुसतं बसून राहिलं असतं तरी पाळलं गेलं असतं. पण त्यांनी चौथ्या दिवशी फरशी धुतली, आणि तिच्या बोलण्यातलं जे काही घरात उरलं होतं ते त्या पाण्याबरोबर गेलं.

तीस तारखेला सकाळी नऊला इरफान आला. दोन शिल्लक. त्यानं टेस्टर बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवरची यादी खाली खाली सरकवत नेली.

"साहेब, तुम्ही चारशे बारा एकदम मागताय. सुतकातल्या माणसाला पंगतीचा सैपाक सांगितल्यागत झालं ते. एकच मागा. बारकं."

यादीच्या अगदी तळाशी आठ वर्षांपूर्वीचं एक मुद्रण होतं. नाव "चाचणी", लांबी दोन मिनिटं. सबनीसांनी ते मागितलं. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं सरकू लागली. इरफान दुसऱ्या तक्रारी उरकून साडेपाचला परत आला तेव्हा सबनीस त्याच स्टुलावर तसेच बसलेले होते. पावणेसहाला ते उतरलं.

त्यांनी ते लावलं. आधी खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग कुमुदताई म्हणाल्या, "हॅलो. एक, दोन, तीन. चालू झालं वाटतं हे."

सबनीसांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"अहो," कुमुदताई म्हणाल्या. मागे कुठंतरी क्रिकेटची कॉमेंटरी मोठ्यानं चालली होती. "अहो, टीव्ही जरा बारीक करता का? माझ्या आवाजात तो येतोय."

कॉमेंटरी चालूच राहिली. कुणीतरी चौकार मारला.

"अहो, ऐकताय का?"

मग बराच वेळ नुसता टीव्ही. मग त्या, जरा खालच्या आवाजात, "असू दे. मीच दार लावून घेते." दार लागलं, कॉमेंटरी अस्पष्ट झाली, आणि मुद्रण संपलं.

सबनीसांनी ते पुन्हा लावलं. टेस्टरनं बारीक आवाज केला म्हणून इरफाननं पडदा पाहिला. दोनचं शून्य झालं होतं, आणि स्पीडचा आकडा वर चढत चढत साडेनऊशेवर जाऊन थांबला होता.

"साहेब, सुतक फिटलं," इरफान म्हणाला. "सहाला धा मिनिटं हायती. सगळं मागा, चारशेच्या चारशे येत्याल."

माउस सबनीसांच्या हाताखालीच होता. त्यांनी दुसरा हात वर करून इरफानला थांबवलं.

"जरा थांबा," ते म्हणाले. "ती काहीतरी सांगतेय."

इरफान थांबला. ते संपलं की सबनीस पुन्हा लावत होते, आणि प्रत्येक वेळी "अहो" आलं की "हो, बोल" म्हणत होते. सहा वाजले तेव्हा यादी एका क्षणात कोरी झाली. सबनीसांचं तिकडे लक्ष नव्हतं. इरफाननं तक्रारीच्या कागदावर 'वायरीचा वेग पूर्ववत, ग्राहकाचे समाधान झाले' असं लिहिलं, आणि सहीसाठी पेन हातात धरून तो दाराशी उभा राहिला.