गोदूताईंच्या हडळी

गोदूताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा चहा येईपर्यंत त्या माझ्या पत्नीचा चेहरा निरखत होत्या. साधारण चार मिनिटं. मग कपाला हात लावण्याआधी म्हणाल्या, "वहिनी, तुमची हडळ फार छान होईल."

पत्नीने चहाचा कप परत आत नेला नाही, हे तिच्या माहेरचं वळण. पण "त्या बाईला माझ्यात असं काय दिसलं हो?" हा प्रश्न मी पुढचे सहा दिवस ऐकला, दिवसाला सरासरी तीनदा. सातव्या दिवशी मी म्हटलं, "अगं, ती स्तुती होती." आठव्या दिवशी मला कळलं की ती खरोखरच स्तुती होती.

आम्ही सत्तावन्न साली बदलीवर जयपूरला आलो. माझं काम आकडेवारीचं. घर खातीपुऱ्याच्या बाजूला होतं आणि आजूबाजूला बदलीवरच आलेली आठ-दहा मराठी बिऱ्हाडं होती. गोदूताई त्यांपैकी एका बिऱ्हाडात, टपाल खात्यातल्या धाकट्या भावाकडे राहत. वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्न झालेलं नाही, मूळच्या मिरजेच्या. भाषा मिरजेचीच, फक्त जयपूरने तिच्यात एक "मतलब" घातला होता. बारा महिने पदर मानेभोवती घेऊन हनुवटीपर्यंत ओढलेला आणि डाव्या खांद्यावर सेफ्टी पिनने पक्का केलेला. जयपूरच्या मे महिन्यातसुद्धा. आम्ही समजत होतो, घशाचा काही त्रास असेल.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक दिवस बायकांच्या वेषांतर स्पर्धेचा असे. गोदूताई येण्यापूर्वी त्या स्पर्धेत दरवर्षी चार राधा, तीन झाशीच्या राण्या आणि एक भारतमाता येई. गोदूताईंनी ते मोडलं. त्यांचं म्हणणं असं, "सुंदर दिसायला नशीब लागतं. भयंकर दिसायला मेहनत पुरते. मग जे आपल्या हातात आहे ते करावं की!" राधा झालेल्या चौघींत लोक लगेच तुलना करतात, हिचं नाक बरं की तिचा रंग उजळ. चार हडळींत तुलना करण्याइतका वेळ कोणी तिथे थांबत नाही.

पहिल्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष रागावले. "गणपतीपुढे भुतं नाचवणार तुम्ही?"

"अहो, शंकराचा मुलगा तो," गोदूताई म्हणाल्या. "बापाची भुतं अंगाखांद्यावर घेऊनच वाढलाय. त्याला तुमची भारतमाताच नवी."

अध्यक्षांनी एकदा गणपतीकडे पाहिलं आणि परवानगी दिली.

गोदूताईंची एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात पावडर-लालीची डबी एकही नव्हती. मुलतानी माती होती, तांदळाची पिठी, कपड्यांची नीळ, काजळ, बिटाचा रस आणि इसबगोल. इसबगोल मी पोटासाठी घेतो, तेवढाच त्याचा उपयोग मला ठाऊक होता. गोदूताई तो भिजवून गालावर लेपत. वाळला की पंचविशीच्या बाईच्या चेहऱ्यावर ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या. मुलतानी मातीत चिमूटभर नीळ घातली की चेहऱ्याला विहिरीत बुडालेल्या बाईची कळा येई. पहिल्या वर्षी रक्तासाठी त्यांनी गुळाच्या पाकात कुंकू कालवलं होतं. रक्त उत्तम दिसलं, पण हडळीला मुंग्या लागल्या आणि ती रंगमंचावरून किंचाळत पळाली. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. गोदूताईंनी मात्र चूक मान्य केली आणि पुढच्या वर्षी बीट आणलं.

हडळीचे पाय उलटे असतात, हे सगळ्यांना ठाऊक. ते करायचे कसे, हे गोदूताईंना ठाऊक. जुन्या मोजडीचं टोकदार नाक कापून टाचेमागे शिवायचं आणि आपली बोटं लुगड्याच्या काठाखाली लपवायची. "चेहऱ्याने माणूस दचकतं," त्या म्हणत, "पण पळतं ते पाय बघून."

एकदा त्या चार तयार हडळी घेऊन भर दुपारी टांग्यातून मंडळाच्या हॉलवर निघाल्या. टांगेवाल्याने एकीकडून दुसरीकडे नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "बहुरूपिया हो, बाईजी? किस मोहल्ले के?" या शहरात बहुरूपी पिढ्यान् पिढ्या दारोदार येत आले आहेत. इथल्या माणसाला हडळीचं काय अप्रूप? गोदूताईंचा चेहरा पडला. तेवढ्यात एक हडळ पुढच्या बाजूने चढायला गेली आणि घोडा बिचकून चार पावलं मागे सरला. संध्याकाळी त्या मला समाधानाने सांगत होत्या, "माणसाचं काय घेऊन बसलात, भाऊ. घोड्याला कळतं."

आमच्यात छावणीतल्या एका कॅप्टनसाहेबांच्या पत्नी होत्या, इंग्रजी मासिकं वाचणाऱ्या. त्यांनी एकदा सांगितलं की अमेरिकेत ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीन नावाचा सण असतो आणि त्या दिवशी सगळे भुतांचे वेष घेतात.

"बायकासुद्धा?" गोदूताई सरसावून बसल्या.

"बायकासुद्धा. कोणी चेटकीण होते, कोणी मांजर. कोणी कोणी परीसुद्धा होतात."

"परी?" गोदूताई मागे टेकल्या. "मग सणाचं वाटोळंच की! मतलब, एक दिवस मोकळीक मिळाली, तर त्या दिवशीपण सुंदरच दिसायचं?"

स्पर्धेचा परीक्षक मी एकटा होतो. तीन परीक्षक नेमले तर तीन घरांशी वैर येतं, एकाने ते एका घरापुरतं राहतं. गुण पन्नास. रंगभूषेला पंचवीस, वेषाला पंधरा, अभिनयाला दहा. स्पर्धक कोण हे मला कळू नये म्हणून छातीवर फक्त क्रमांक लावायचा, हा नियम मीच केला. पहिली पाच वर्षं रंगभूषेला मी एकोणिसाच्या वर कधी गेलो नाही. त्या पाच वर्षांत गोदूताईंनी एकतीस चेहरे रंगवले, त्याची पत्रकं माझ्याकडे आहेत. त्यात त्या स्वतः एकदाही उभ्या राहिल्या नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "माझं काय रंगवायचं? तोंड काय, पाटीच की. पुसली की कोरी." आणि पदराची पिन चाचपत.

आता आमच्या विमलबद्दल सांगायला हवं. विमल आमची एकुलती एक मुलगी. सातव्या वर्षी तिला देवी आल्या. डाव्या गालावर अकरा आणि कपाळावर तीन असे चौदा व्रण राहिले. बापाने असं मोजू नये, पण मोजण्याची सवय माणूस ऑफिसात ठेवून घरी येत नाही. ती एकविसाची झाली तेव्हा इंदूरचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, जयपूरला मावशीकडे उतरणार होता. रविवारी चार वाजता आईला घेऊन आमच्याकडे यायचं ठरलं. त्याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळी विमल खाली मान घालून बसली होती आणि दोन्ही वेळी पुढच्या टपालाने नकार आला होता. दुसऱ्या नकारानंतर तिने खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

शनिवारी पत्नी स्वतः गोदूताईंकडे गेली. सहा दिवसांचा तो जुना राग विसरून.

"तुम्ही तरण्या पोरींना म्हाताऱ्या करता," ती म्हणाली. "माझ्या पोरीचे चौदा डाग तेवढे झाका."

मला ते पसंत नव्हतं. ती घरून निघतानाच मी म्हटलं होतं, "जे आहे ते आहे. झाकून काय होणार?"

"तुम्ही गप्प बसा हो. तिसरं पत्र आलं तर ते तुम्ही तिला वाचून दाखवणार आहात का?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

गोदूताईंनी आधी पदराची पिन चाचपली म्हणे. मग म्हणाल्या, "येते. पण दाराला आतून कडी घालीन. मधे कोणी यायचं नाही."

रविवारी दोन वाजता हिरवी ट्रंक घेऊन त्या आल्या. कडी लागली. पहिला तास आतून आवाज नव्हता. मग विमलच्या हसण्याचा आवाज आला. असं खदखदून हसणं आम्ही त्या घरात कित्येक महिने ऐकलं नव्हतं. पत्नी दारापाशी जाऊन परत आली. "हसायला काय झालं? लेप फुटेल की!"

पाहुणे चारला दहा मिनिटं असतानाच आले. चार वाजता विमल पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. चेहरा स्वच्छ धुतलेला, त्यावर कुंकवाखेरीज काही नाही. चौदाच्या चौदा व्रण जागेवर. पत्नीने माझा दंड धरला, तो नंतर दोन दिवस दुखत होता.

पण विमलची मान खाली नव्हती. ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू अजून शिल्लक होतं. मुलाच्या आईने तिला जवळ बसवलं आणि म्हणाली, "कानामागे हे निळं काय गं?"

"नीळ आहे," विमल म्हणाली. "आत्ता हडळ झाले होते. पुसताना राहिली वाटतं."

 भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मी अकरापर्यंत मोजली. मग मुलाने बशी खाली ठेवली.

"आणि पाय? ते उलटे कसे करता?"

"मोजडीचं नाक कापून टाचेला शिवायचं."

"चालताना पडत नाही?"

"पहिले दोन दिवस पडतात सगळ्या."

मुलगा हसला. आईने विचारलं, "देवी कधी आल्या होत्या?" विमलने सांगितलं, "सातव्या वर्षी." त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. बाकी सगळा वेळ हडळीवर गेला.

या सगळ्या वेळात गोदूताई स्वयंपाकघरात ट्रंक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाहुणे गेल्यावर पत्नी आत गेली. "अहो गोदूताई, झाकायला बोलावलं होतं ना तुम्हाला?"

"पोरगी आरशात बघायला तयार नव्हती," गोदूताई म्हणाल्या. "म्हणून आधी हडळ केली. चांगली नऊवारी, सुळेबिळे लावून. मग आरसा दिला. हसली. मग पुसत पुसत आणलं तिच्या तिच्या तोंडापर्यंत. हडळीनंतर आपलं तोंड बघितलं, की माहेरी आल्यासारखं वाटतं."

"ते ठीक आहे हो. पण स्थळ गेलं तर?"

"मला झाकलं होतं, वहिनी. नऊ वेळा." त्यांनी ट्रंकेची कडी लावली. "नवव्या वेळेला जमलं. मग साखरपुड्यात उकाडा झाला आणि लेप ओघळला."

काय झाकलं होतं, ते पत्नीने विचारलं नाही. तिने चहा टाकला.

इंदूरचं पत्र नवव्या दिवशी आलं. होकार होता. वैशाखात लग्न झालं आणि भाद्रपदात विमल गौरीला माहेरी आली. त्या वर्षी स्पर्धेत नऊ जणी होत्या. मी दुपारपासून हॉलवर पत्रक आखत बसलो होतो, घरी काय शिजत होतं याची मला कल्पना नव्हती.

सातव्या क्रमांकाची हडळ आली. निळसर चेहरा, केस मोकळे, पाय बिनचूक उलटे. ती मधोमध येऊन उभी राहिली, ओरडली नाही, हातवारे केले नाहीत. अभिनयाला मी दहापैकी चारच दिले. पण पदर खांद्यावरून मागे टाकलेला होता आणि हनुवटीच्या खालून गळ्यापर्यंत भाजल्याची एक खूण उतरत गेली होती, ओढल्या कातडीची, चकाकणारी. अशी रंगभूषा मी पाहिली नव्हती. इसबगोलाने हे होत नाही, एवढं मला आता कळत होतं. मी रंगभूषेला बावीस दिले. नेहमीचे एकोणीस, आणि त्या खुणेचे तीन. सातव्या क्रमांकाला पहिलं बक्षीस मिळालं, फक्त दोन गुणांच्या फरकाने.

जाहीर झाल्यावर हडळ माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, तीन गुण जास्ती पडलेत. वजा करा."

आवाज गोदूताईंचा होता. मी वर पाहिलं. मागे विमल उभी होती, हात कोपरापर्यंत निळे.

"ही खूण लावलेली नाही," गोदूताई म्हणाल्या. "ही घरचीच आहे. लहानपणी चुलीवर पडले होते. पोरगी म्हणाली, मावशी, सगळं रंगवते, एवढं राहू दे. मी ऐकलं तिचं. पण गुण रंगवल्याचे असतात की."

हिशेब बरोबर होता. तीन वजा केले तर त्यांचा नंबर दुसरा येत होता. पत्रकातली चूक कोणी दाखवली आणि मी ती दुरुस्त केली नाही, असं माझ्या नोकरीत कधी घडलेलं नाही.

मी पत्रकाची घडी घातली. "गोदूताई, नियमात लिहिलंय, स्पर्धकाचा चेहरा पाहून गुण द्यावेत. मी चेहरा पाहिला."

 त्यांच्या गालावरची नीळ थोडी ओघळली. मग विमलला म्हणाल्या, "चल गं, टांगा बघ. बघू या घोडा बिचकतो का."

आज कोणी तपासलं तर त्या पत्रकात तीन गुणांची चूक सापडेल. ती माझी आहे.

त्यांच्या पदराची सेफ्टी पिन त्या दिवशी आमच्या घरी राहिली. दोनदा मी ती परत करायला गेलो. दोन्ही वेळा गोदूताई अंगणात वारा घेत बसल्या होत्या, पदर खांद्यावर.

"असू दे की तुमच्याकडेच," म्हणाल्या.

ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.