दाजीकाकांचा मिस कॉल

फोन वाजला की माणसं तो उचलायला धावतात. आमचे शेजारी दाजीकाका फोन वाजला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून! वर स्वतःलाच बजावायचे, "उचलू नको हां दाजी, मिस कॉल आसा तो."

आमच्या वाडीत मोबाइल नवे होते तेव्हाची गोष्ट. मालवणात रेंज भरपूर, पण आमच्याकडे ती मिळायची एकाच जागी, माझ्या विहिरीच्या कठड्यापाशी. त्यामुळे काका दिवसातून सतरा वेळा माझ्या अंगणात. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. पेपर तपासायला बसले रे बसले की बाहेर यांचं सुरू. बांगडे हवे असले की मासेवाल्या सुलूला मिस कॉल, दाढी वाढली की न्हाव्याला मिस कॉल. एकदा तर मी समोर उभी असताना मलाच दिला.

"अहो काका, मी इथंच आहे ना!"

"आसशीत गो मास्तरणी. फोन चलता काय बघलंय."

मी आपली पुन्हा पेपरांकडे वळले.

काका जन्मभर बोटीवर खलाशी. मुलगा विनूही बोटीवरच लागला आणि स्पेनमधल्या एका बंदरगावात मार्ता नावाच्या मुलीशी लग्न करून तिथंच राहिला. बापलेकांचं आपसात ठरलेलं होतं. सफर संपवून विनू घरी पोचला की एक रिंग, आणि ती उचलायची नाही. रिंग आली की काका अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "झिल घराक पोचलो रे!" त्या दिवशी त्यांच्या घरी बांगड्याऐवजी सुरमई शिजायची.

मग विनू गेला. तिकडेच, एका रात्री झोपेत. काकांचा व्हिसा होईपर्यंत तिकडे सगळं उरकूनही गेलं. काकी तर आधीच वारलेल्या. त्या दिवसांत विहिरीपाशी बसलेल्या काकांकडे बघवत नसे.

काही दिवसांनी काकांनी नवंच काढलं. रोज संध्याकाळी विनूच्या नंबरावर मिस कॉल. तो फोन आता मार्ताजवळ. तिला बिचारीला मिस कॉल ही भानगडच ठाऊक नाही. ती लगेच उचलायची. पलीकडून बाईचा आवाज आला की काका विंचू चावल्यासारखे दचकून फोन कट करायचे. ना त्यांना तिची भाषा येत होती, ना तिला यांची. बोलणार काय, कपाळ!

एके दिवशी फोन घेऊन आले. मार्ताचा मेसेज होता, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. "पपा, आय मिस विनू. यू कॉल, नो स्पीक. यू मिस टू?"

मी अर्थ सांगितला, इथं मिस म्हणजे आठवण येणं. काकांनी फोन परत घेऊन त्या मेसेजवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हेचा उत्तर तिच्याच भाषेत देवचा. माझी सून ती. परक्या भाषेत रडली बिचारी."

झालं! काकांनी पणजीत राहणाऱ्या भाच्याकडून इंग्रजी-स्पॅनिश कोश मागवला आणि माझ्या पडवीत शिकवणी सुरू. 'मिस'ला त्यात अर्धं पान दिलेलं. बस चुकली तर एक शब्द, नेम चुकला तर दुसरा, शाळेतली मिस तर तिसरा. काका वैतागले.

"बस चुकली तर दुसरी गावता. झिल गेलो, तेचो शब्द खंय आसा?"

तो शेवटी होता. एचार दे मेनोस. काका हट्टालाच पेटले, सुटा करून सांग म्हणून. मी पानं उलटून सांगितलं, एचार म्हणजे टाकणं, मेनोस म्हणजे कमी.

"कमी टाकूचा? अगो, ता मिठाचा झाला!" काका हसले. विनू गेल्यापासून पहिल्यांदाच हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

मग रोज घोकंपट्टी. "लो एचो दे मेनोस." त्याची आठवण येते. कठड्यावर, रस्त्यावर, सुलूच्या टोपलीपुढेसुद्धा. सुलूने एकदा विचारलंच, "काकानू, ह्यो खयचो मासो? माका कधी गावलो नाय."

रविवारी काकांनी धुतलेला सदरा घातला आणि फोन लावला. या वेळी कट केला नाही. पलीकडे आवाज आला. काका म्हणाले, "मार्ता... लो एचो दे मेनोस."

पलीकडून रडणं ऐकू आलं. इकडे काकाही रडायला लागले. शब्द तेवढाच, तो संपला. थोड्या वेळाने त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तिका सांग, कामावरसून घराक पोचली की एक रिंग दी. बोलूक नको. विनू देय तशी."

मी इंग्रजीतून सांगितलं. ती "सी, सी" म्हणाली. तिला कितपत कळलं, देव जाणे.

पुढचे काही दिवस फोन मुका. काका कठड्यापासून हलेनात. चहा दिला तर तिथंच, पेज दिली तर तिथंच. मला भीती वाटायला लागली, ही रिंग आली नाही तर या माणसाचं काय होईल?

आणि एका संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, विनू. काकांनी हात पाठीमागे बांधले. एक रिंग झाली आणि फोन थांबला.

काका ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सून घराक पोचली."

डोळे पुसून मी म्हटलं, "काका, नाव बदलून देऊ? विनूच्या जागी मार्ता घालते."

काकांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला.

"रवांदे गो. तेच्याच घराकडसून येता मां."