उघड्या बोल्टांचे नाना

नाना भोईटे माणसाशी बोलण्याआधी त्याच्या मोटरसायकलशी बोलतात. मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा सगळी गल्ली नवी सून बघायला लोटली होती. समोरच्या घरातले नाना मात्र आमच्या दारात उकिडवे बसून आमच्या ह्यांच्या गाडीचं इंजिन न्याहाळत होते. माझ्याकडे वळून ते पहिलं वाक्य बोलले ते असं : "सूनबाई, डावीकडच्या टोप्या गायब आहेत. असं उघडं डोकं बरं नाही दिसत." मी घाईघाईनं डोक्यावरचा पदर सावरला.

नानांच्या टोप्या म्हणजे इंजिनावरच्या बोल्टांच्या डोक्यांवर बसवतात त्या चकचकीत टोप्या. त्या पडल्या तरी गाडी चालते, पेट्रोल तेवढंच खाते, आणि बहुतेक मालकांना त्या कधी होत्या हेही ठाऊक नसतं. नानांना ठाऊक असतं. बाड्यावरच्या बाजारात भाजीला निघालेला हा माणूस गाड्यांच्या रांगेपाशी अडकतो आणि रिकामी पिशवी घेऊन घरी येतो. खिशात सुपारीची डबी, पण डबीत निरनिराळ्या मापांच्या टोप्या. उघडा बोल्ट दिसला की खाली बसायचं, फडक्यानं पुसायचा, टोपी ठेवायची आणि पेचकसाच्या, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरच्या, लाकडी मुठीनं हलकेच ठोकून बसवायची. गाडी कोणाची, हा प्रश्न त्यांना पडत नाही. एकदा नया बाजारात एका गाडीवाल्यानं चोर समजून त्यांची कॉलर धरली. नाना शांतपणे म्हणाले, "भाईसाहब, चोर निकालता है. मैं तो लगा रहा हूँ."

आमचा मेकॅनिक त्यांना समजावायचा, की चाचा, हे सगळं नुसतं दिखाव्याचं आहे. त्यावर नाना विचारायचे, मग तू रोज भांग कशाला पाडतोस?

हे वेड त्यांना एकदा फार महागात पडलं. नानांचे थोरले भाऊ, दादा, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. घराणं जुन्या पलटणीतलं. दसऱ्याला पाटावर तलवार मांडून पूजा होते, आणि घोडे राहिले नाहीत म्हणून घोड्याच्या जागी मोटरसायकल उभी राहते. एका दसऱ्याला दादांच्या मुलीच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच आली होती. दादांनी गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून अंगणात उभी केली, तबक उचललं, आणि नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, थांब. टोपी पडली आहे. खंडित वस्तू पूजेला चालत नाही."

व्याही एकमेकांकडे बघू लागले. दादांनी तबक खाली ठेवलं आणि सांगितलं, की आजपासून माझा जिना चढू नकोस. नाना खरोखरच चढले नाहीत. दिला शब्द पाळणारं घराणं, दुसरं काय! त्या मुलीचा मुलगा आता मिशा कोरतो, पण भावाभावांत बोलणं नाही.

मात्र दादांची गाडी खाली अंगणातच असायची, आणि गल्लीत सर्वांत जास्त टोप्या तिच्याच पडायच्या. नाना त्या निमूटपणे लावायचे. मला वाटायचं, आपले रस्तेच असे. मग एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. दादा कण्हत कण्हत गाडीपाशी खाली बसले, इकडेतिकडे बघितलं, चमच्याच्या दांड्यानं एक टोपी उचकटली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वर जाऊन खिडकीत खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळानं नाना आले. खाली नाना ठोकत होते, वर दादा खोकत होते. एका टोपीला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ नाना तिथे बसले होते.

नाना चकित होतील, म्हणून मी मोठ्या उत्साहानं त्यांना हे सांगायला गेले. ते डबी बंद करत म्हणाले, "मालूम आहे मला. चमच्याचा ओरखडा लपतो काय? तो काढून राहिला आहे, मी लावून राहिलो आहे. तेवढ्यात त्याचा खोकला कसा आहे ते कळतं."

मला त्या दोघांचा रागही आला आणि रडूही आलं. मध्ये एक जिना, तो दोघांना ओलांडवत नव्हता.

दसऱ्याला इथे शमीची पानं सोनं म्हणून देतात. नाना दर दसऱ्याला ती दादांच्या गाडीच्या सीटवर ठेवायचे आणि दिवेलागणीपर्यंत ती तिथून नाहीशी व्हायची. यंदा दादांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी गाडी विकली. सिटी सेंटरच्या बँकेतला एक तरुण येऊन ती घेऊन गेला. नाना दारातून बघत राहिले.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी दोघा भावांना द्यायला मिठाईचं ताट घेऊन गेले, तर नाना अंगणात हातात शमीची पानं घेऊन उभे. समोर फरशीवर तेलाचा डाग तेवढा उरला होता. त्यांनी डागाकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सूनबाई, तू वर जाऊनच राहिली आहेस ना? हे देऊन टाक दादाला."

"नाही नाना," मी म्हटलं. "थोरल्याला सोनं धाकट्यानंच द्यायचं असतं."

ते जिना चढू लागले. वाटेतून परतू नयेत म्हणून ताट धरून मी अगदी पाठोपाठ गेले. वरचं दार उघडंच होतं. नानांनी पानं दादांच्या हातात ठेवली, वाकून पायांना हात लावला. दादा "खूश राहा" असं काहीसं पुटपुटले. इतक्या वर्षांनी बोलायचं तरी काय? शेवटी नानांनीच विचारलं, गाडी नेली तो लडका नीट ठेवेल ना?

"ठेवेल," दादा म्हणाले. "सांगितलंय त्याला. टोपी पडली तर बाजारात नको शोधू, खाली माझा भाऊ राहतो, त्याच्याकडे ये."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"आणि तो नाही आला तर?"

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर तू येत जा."