तैमीचा खोकला

"काय ताते, तुमच्या मारुलाच्या झाडाखाली म्हणे फळांचा सडा पडलाय," मेमे हेल्वीने चर्चच्या पायरीवरच ताते एलिफासना गाठलं. "यंदा पिळतंय कोण?"

"कोणी नाही," एवढं उत्तर पुरलं असतं. हेल्वी तेच ऐकायला आली होती. तिच्या मागे बायकांचा घोळका उभा होता आणि "मग उद्या आम्ही येतो" हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. पण ताते तोंड उघडेपर्यंत तिला दम निघाला नाही. मागे वळून ती हळूच म्हणाली, "बिचारे! रौना गेल्यापासून घरात कोणी नाही ना."

त्या 'बिचारे'ने घात केला.

"कोणी नाही कसं?" ताते ताठ झाले. "माझी बहीण आलीये त्सुमेबहून. तैमी. ती पिळतेय."

"तैमी आलीये?" हेल्वीचा चेहरा पडला आणि लगेच फुलला. "मग प्रश्नच मिटला! तिच्या हाताला काय चव आहे हो. आम्ही कशाला मध्ये लुडबुडायचं? थोडा ओमाओंगो मात्र पाठवून द्या चाखायला."

बायका निघून गेल्या. ताते वाळूतल्या वाटेने एकटेच घरी निघाले, आणि घर येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते.

तैमी त्सुमेबलाच होती. तात्यांच्या बायकोच्या, रौनाच्या, मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "एलिफास, आता तरी स्वतःचं ताट स्वतः उचलायला शीक." त्यावर ताते म्हणाले होते, "पुन्हा या कुंपणाच्या आत पाऊल टाकू नकोस." तिने ते ऐकलं होतं. तिला निरोप पाठवायची सोय ताते स्वतःच बंद करून बसले होते.

झाड तसं कोणी लावलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात बाजरीच्या शेतात ते आपलंआपण उगवलं. ताते ते उपटणार होते. रौना म्हणाली, "राहू दे की. मादी निघालं तर?" नर निघालं असतं तर नुसती सावली मिळाली असती. पण ते मादी निघालं, आणि असं फळलं की आसपासच्या सगळ्या वस्त्यांतल्या बायका मोसमात रौनाच्या अंगणात पिळायला बसायला लागल्या. फळं गोळा करायची, गाईच्या शिंगाच्या टोकाने साल फोडायची, रस मडक्यात आणि कोयी टोपलीत. हात चालायचे आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. पुरुषाने तिथे फिरकायचं नाही. त्याने दूर बसायचं आणि रस आंबून ओमाओंगो तयार झाला की प्यायचा. ताते गोठ्यापाशी बसून कुरकुर करायचे, "काय कालवा चाललाय!"

यंदा कालवा नव्हता. फळं हिरवी असतानाच झाडावरून सुटायची, जमिनीवर पिवळी व्हायची, तिथेच सडायची. एक फळ पडलं की टप्प असा आवाज यायचा. तो थेट घरात ऐकू यायचा, कारण दुसरा कुठला आवाजच नव्हता.

आता मात्र ओमाओंगो करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी फाटक लावून घेतलं, रौनाचं शिंग शोधून काढलं आणि तिच्या ठेंगण्या पाटावर बसले. पाट त्यांच्या मानाने इतका बुटका होता की गुडघे कानांना लागायला आले. आयुष्यभर त्यांनी हे काम लांबून पाहिलं होतं आणि ते फार सोपं आहे असं त्यांचं मत होतं.

पहिल्या फळाचा रस डोळ्यात गेला. दुसऱ्याची कोय हातातून निसटून कोंबडीच्या पाठीत बसली. मग हळूहळू मडक्यात रस पडायला लागला, पण तेवढ्यात वासाने गांधीलमाश्या जमल्या. टक्कल असलेल्या माणसाला गांधीलमाशीची भीती जरा जास्तच असते. तात्यांनी घरात जाऊन रौनाचा डोक्याला बांधायचा रुमाल आणला, कपाळापासून मानेपर्यंत घट्ट बांधला, खांद्यांवर तिची शाल घेतली आणि पुन्हा पाटावर बसले. शालीला अजून तिचा वास होता.

"तैमी! ए तैमी!"

ताते दचकले. मोपानेच्या लाकडी खुंटांच्या कुंपणाला फटी असतात, आणि त्यातल्या एका फटीत हेल्वीचा डोळा होता.

"अगं, आलीस आणि भेटायला नाही आलीस? इकडे बघ तरी!"

ताते बघूही शकत नव्हते आणि बोलूही शकत नव्हते. त्यांनी मान आणखी खाली घातली आणि सुचलं ते केलं. ते खोकले. पुरुषाचा खोकला ओळखू येईल म्हणून जरा बारीक आवाजात खोकले, आणि तो इतका भयानक वाटला की हेल्वी कुंपणापासून दोन पावलं मागे सरली.

"अरे देवा! छातीत भरलंय की काय?"

ताते आणखी खोकले. मग तोंडावर शाल धरून, वाकत वाकत, घरात पळाले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तैमी आजारी आहे. साधी नाही, चांगलीच. हेल्वीने पाहिलेलं सगळं खरंखुरं सांगितलं होतं. "आवाज फुटत नाही बिचारीचा. आणि काय झालीये हो! पाठीत पोक आलाय, हात बघाल तर बाप्याचे वाटतील."

दुसऱ्या दिवशी हेल्वी कोंबडीचा रस्सा घेऊन फाटकाशी हजर झाली.

"झोपलीये," ताते फाटकात आडवे उभे राहिले.

"मी नुसती पायाशी बसते."

"नको! लागण होईल."

हा शब्द उच्चारल्यावर तात्यांना वाटलं, सुटलो. पण हेल्वीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "लागण? इतकं झालंय? आणि तुम्ही एकटे तिची सेवा करताय? तेही यंदा रौनाचं दुःख असताना?" तिने भांडं तात्यांच्या हातात दिलं आणि शालीच्या टोकाने डोळे पुसत निघून गेली. तात्यांनी रस्सा खाल्ला. कितीतरी महिन्यांनी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातचं खाल्लं होतं. तो इतका चांगला लागला की त्यांना भयंकर लाज वाटली.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी यायचं. बाजरीचा घट्ट घाटा, पालेभाजी, ताक. सगळ्या जणी फाटकाशी उभ्या राहून विचारायच्या, "कसं आहे?" आणि ताते म्हणायचे, "तसंच आहे." उद्या 'बरी होऊन गेली' म्हणून सांगून टाकायचं, असं ते रोज ठरवायचे. पण बरी होऊन गेली की हे विचारणंही जाणार होतं. मग उद्याचा परवा व्हायचा. दरम्यान मडक्यातला रस फसफसला, मग नको इतका आंबला आणि त्यावर करडी साय धरली.

एके दिवशी दुपारी ताते जेवत होते. शेजारी ठेवलेल्या रेडिओवर निरोपांचा कार्यक्रम चालू होता. कोण वारलं, कोण कुठे पोचलं, कोणी कोणाला बोलावलंय, असं संथ आवाजात चाललं होतं. तात्यांचं अर्धं लक्ष होतं.

"...तैमी हाइम्बोदी या आपल्या बंधूंच्या घरी अत्यवस्थ आहेत. नातेवाइकांनी त्वरित..."

ताते ताडकन उठले. ताट पालथं झालं. "तैमी?" ते मोठ्याने म्हणाले. कुठे ठेवलीये पिशवी, त्सुमेबची गाडी कुठून सुटते, असं सगळं एकदम डोक्यात आलं. त्यांनी पिशवी खुंटीवरून काढलीसुद्धा. मग निवेदकाने बंधूंचं नाव आणि गाव सांगितलं, आणि ताते पिशवी हातात धरून खाली बसले.

आजारी तैमी इथेच होती. म्हणजे नव्हतीच.

निरोप अर्थातच हेल्वीने दिला होता. पण तो फक्त याच गावात ऐकला जात नाही, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तात्यांच्याही उशिराच आलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फाटकाशी एक टेम्पो थांबला. मागच्या फळीवरून एक जाडजूड, तुकतुकीत बाई उतरली आणि लाथेने फाटक उघडून आत आली.

"कुठे आहे मी?" तैमी ओरडली. "दाखव मला! कुठे पडलीये मी मरायला?"

"तैमी, हळू बोल."

"हळू? काल माझ्या दारात माझ्यासाठी रडायला बायका आल्या! मी दार उघडलं तर एक किंचाळली आणि दुसरी खाली बसली. माझ्या जावयाने तर काळे कपडे इस्त्रीला टाकलेत. नालायक माणसाला एवढी कसली घाई? तोंड उघड, एलिफास!"

तात्यांनी तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं. रुमाल, शाल, खोकला, काही वगळलं नाही. 'बिचारे' हा शब्द तेवढा त्यांना उच्चारवेना. ते म्हणाले, "त्यांनी माझ्यासाठी एक शब्द वापरला." तैमीला कुठला ते बरोबर समजलं. तिने अंगण पाहिलं. सडलेल्या फळांचा थर, ठेंगणा पाट, दोरीवर वाळत घातलेला रुमाल आणि शाल.

"मला बोलवायचंस," ती शेवटी म्हणाली.

"मी तुला येऊ नकोस म्हणालो होतो."

"तू लहानपणापासून काय काय म्हणतोस. मी कधी ऐकलंय का?"

तेवढ्यात फाटकाबाहेर भजनाचा सूर ऐकू आला. सर्वांत पुढे पाद्रीसाहेब, त्यांच्यामागे हेल्वी आणि तिच्यामागे बायका. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला आख्खं चर्च निघालं होतं. तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

तैमीने एक सुस्कारा सोडला, चपला भिरकावल्या आणि घराच्या भिंतीशी पसरलेल्या चटईवर आडवी झाली. "शाल आण," ती दात ओठ खात म्हणाली. "हे तुझ्यासाठी नाही. रौनासाठी करतेय."

प्रार्थना लांबली. तैमी अधूनमधून इतकी सुरेख कण्हत होती की दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या. "अंगाने मात्र भरलीये हो," एक जण पुटपुटली. "सूज असेल," हेल्वी म्हणाली. पाद्रीसाहेबांनी तैमीच्या कपाळावर हात ठेवला, ताप नाही हे पाहून देवाचे आभार मानले, आणि आमेन झालं. सगळं निभावलं होतं. ताते श्वास सोडतच होते, तेवढ्यात हेल्वीची नजर अंगणाच्या कोपऱ्यातल्या मडक्यावर गेली.

"हाच का तैमीचा ओमाओंगो?" तिने वाटी बुडवली, घोट घेतला आणि तिचं तोंड कसनुसं झालं. तिने घोट कसाबसा गिळला. "असू दे. आजारी बाईने केलेला आहे. हाताची चवसुद्धा गेली बिचारीच्या."

वाटी हातोहात फिरली. "गेलीच," दुसरी म्हणाली. "गुरांना जंतावर देतात ना, तसा लागतोय."

चटईवरचं कण्हणं थांबलं.

"तरुणपणी तरी कुठे होती एवढी चव?" तिसरी हळूच म्हणाली. "रौनाच सावरून घ्यायची."

"हा मी नाही केला!"

मरणपंथाला लागलेली तैमी शाल भिरकावून उभी राहिली. पाद्रीसाहेब भिंतीला टेकले. "मी? मी करीन हा असला? कोयीसकट आंबवलाय, पाणी घातलंय, वर झाकणसुद्धा नाही! हा या गाढवाने केलाय!" आणि तिने बोट तात्यांवर रोखलं.

आजारपण तिने सहन केलं होतं, जावयाचे काळे कपडेही सहन केले होते. पण हा ओमाओंगो आपल्या नावावर घेणं तिला जमणार नव्हतं. शेवटी ती तात्यांचीच बहीण.

सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. हेल्वीने त्यांचे हात पाहिले, मग दोरीवरचा रुमाल पाहिला, मग पुन्हा हात पाहिले.

"म्हणजे कुंपणाआडून मी ज्या बाईशी बोलले..." ती सावकाश म्हणाली.

तात्यांनी मान खाली घातली. आणि सवयीने असेल, भीतीने असेल, ते बारीक आवाजात एकदा खोकले.

पहिल्यांदा पाद्रीसाहेब हसले. मग कोणालाच थांबवता आलं नाही. हेल्वी तर जमिनीवर बसून मांड्या बडवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका शिंगं घेऊन आल्या. बोलावणं कोणी केलं नव्हतं. तैमीने अंगणाचा ताबा घेतला, खराब मडकं रिकामं केलं आणि तात्यांना हाकललं. "जा, गोठ्याकडे जा. पुरुषाचं इथे काम नाही. तू तर दोन्हीकडचा राहिला नाहीस."

ताते गोठ्यापाशी जाऊन बसले. अंगणात कालवा सुरू झाला. विषय अर्थातच तेच होते. तात्यांचे कान तापत होते, पण ते उठले नाहीत. मग मध्येच हेल्वीचा आवाज आला.

"रौना काय म्हणायची माहितीये? म्हणायची, आमच्या ह्यांना पाणी उकळायला सांगितलं तर तेसुद्धा करपवतील."

तात्यांनी मान वर करून कान टवकारले. ती गेल्यापासून त्यांच्यासमोर तिचं नाव घेताना सगळे आवाज उतरवायचे, नाहीतर घ्यायचेच नाहीत. तसं हसत हसत, ओरडून कोणी घेतलंच नव्हतं.

"खोटं आहे!" ते गोठ्यातून ओरडले.

"खरं आहे!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या आणि खदखदून हसल्या.

आणखी काय काय म्हणायची, हे तात्यांना विचारायचं होतं. पण पिळणाऱ्या बायकांना पुरुषाने काही विचारायचं नसतं. म्हणून मग ते गोठ्याच्या कुंपणातला एक चांगला, धडधाकट खुंट उपटून तो पुन्हा बसवायला लागले. हे काम दिवसभर चाललं.