गुरुवारी घरी सापडण्याचा नियम

माणूस जिवंत आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा त्यालाच देऊन चालत नाही. दिला, तर उद्या कुणीही उठेल आणि मी जिवंत आहे म्हणून सांगत सुटेल. म्हणून संशोधन लागतं.

आमचं आरोग्य केंद्र शिरे नदीच्या अलीकडे आहे आणि रोगी बरेचसे पलीकडे. परदेशातले डॉ. रॉसबी तीन वर्षांपूर्वी हे पाहून अक्षरशः गहिवरले. एचआयव्हीच्या गोळ्या जवळच्यांना नीट मिळतात, लांबच्यांना मिळत नाहीत, असा त्यांना संशय होता. तो सिद्ध करायला 'दुरावा प्रकल्प' सुरू झाला. मध्यंतरी नदीवर पूल बांधायची टूम निघाली होती. पण पूल झाला तर लांबचे लोक जवळ येतील आणि मग तुलना कुणाशी करायची, हे प्रकल्पानं वेळीच लक्षात आणून दिलं. (डोणीनं पार व्हायला अर्धा तास लागतो. मगरी बघत बसलं तर पाऊण.)

मी या प्रकल्पात नोंदणी कारकून आहे. स्वतःचं टेबल, स्वतःचा पंखा, तीन रंगांचे शिक्के. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू?

पलीकडच्या चिम्वाला गावात पाच बायका या गोळ्या घेतात. अकरा वर्षं त्यांची एक गावंढळ पद्धत होती. दर खेपेला एकीनं चितेन्जेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, गाठोड्यात पाचजणींच्या आरोग्यवह्या बांधून आणायच्या, पाचजणींच्या गोळ्या न्यायच्या, पुढच्या खेपेला दुसरीनं यायचं. अकरा वर्षांत कुणाची एक गोळी चुकली नाही, पाचही जणी ठणठणीत. अशा बेशिस्तीतून निष्कर्ष काय काढणार, कपाळ? म्हणून प्रकल्पानं नियम केला: रोगी समक्ष दिसला पाहिजे, जो समक्ष नाही तो हरवला. नियम लागू झाला त्या मंगळवारी पाळी मायी नाम्बेवेची होती. तिला तिच्या एकटीच्या नव्वद गोळ्या मिळाल्या आणि बाकीच्या चौघींवर मी लाल शिक्का मारला: 'हरवली'. शिक्का सुरेख उमटला.

नाम्बेवेनं घरी जाऊन काय करावं? नव्वद गोळ्या पाचजणींत वाटल्या! प्रत्येकीला अठरा. हे पूर्णपणे नियमबाह्य असल्यामुळे आमच्याकडे त्याची नोंद नाही.

गुरुवारी मायी नागामा येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसली. चौघींमधली ही सगळ्यांत बोलकी. (बाकीच्या तिघीही आल्या होत्या, पण मी गोष्ट एकीचीच सांगतो, कारण आमच्या सायकलला कॅरिअर एकच आहे. ते पुढे येईलच. नागामाच्या डबीत सोळा गोळ्या.)

"लेका, मी हरवले म्हणे?"

"हो मायी. वाईट वाटलं."

"अरे, मग ही कोण बसलीय तुझ्यापुढं?"

मी तिला नियम समजावून सांगितला. हरवलेल्याला केंद्रात सापडता येत नाही. त्याला शोधक अधिकाऱ्यानं घरी जाऊन शोधावं लागतं. नाहीतर कुणीही हरवलेला परस्पर सापडेल आणि शोधक अधिकारी काय माश्या मारील? आमचे शोधक अधिकारी बाम्बो, म्हणजे श्रीयुत, लिकोस्वे. पहाटेच सायकल डोणीत घालून ते चिम्वालाला गेले होते. शोधण्याचा वार गुरुवार. हरवलेल्यांनी चौकशीला यायचा वारही गुरुवारच, म्हणजे सगळं एकाच दिवशी आटपतं.

दुपारी लिकोस्वे घामाघूम होऊन परतले आणि नागामाच्या शेजारी बाकावर टेकले.

"मायी, तुमच्या दारात तीनदा 'ओदी' म्हणालो. आतून 'ओदिनी' काही आलं नाही."

"मी इथं आहे तर तिथून 'या' कोण म्हणणार? कोंबडी?"

"कोंबडी बोलली होती. पण कोंबडीचा रकाना नाही."

ओदी म्हटल्यावर आतून ओदिनी आल्याशिवाय दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय घालायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. प्रकल्पानं तिचा मोठा आदर केला आणि तीच मोजमाप म्हणून स्वीकारली. तीन गुरुवार ओदीला उत्तर नाही, तर रोगी मयत धरावा.

"मग पुढच्या गुरुवारी मी घरीच थांबते," नागामा म्हणाली.

"थांबा की," मी म्हणालो, "पण गुरुवारी चौकशीला आलं नाही, तर हरवलेपण पक्कं होतं."

तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी पंख्याचा वेग वाढवला.

पुढच्या गुरुवारी ती परत आली. (नऊ गोळ्या.) तो दिवस वाया जाऊ नये म्हणून तिची मुलाखत घेतली: 'लांबचे रोगी वेळेवर गोळ्या का घेत नाहीत?' एकशे चौदा प्रश्न, शेवटी साबणाची एक वडी. साठाव्या प्रश्नाला गोळ्यांची खिडकी बंद झाली. त्र्याण्णवावा प्रश्न होता, 'गोळ्या मिळण्यात तुम्हाला कोणता अडथळा वाटतो?' नागामानं उत्तर दिलं, "तू." रकान्यात मावलं म्हणून मी ते लिहून घेतलं. लिकोस्वे पलीकडून आले: तीनदा ओदी, उत्तर नाही, कोंबडी हजर.

तिसऱ्या गुरुवारी मात्र कमाल झाली. नागामा आदल्या दिवशीच नदी पार करून बहिणीकडे राहिली आणि भल्या सकाळी लिकोस्वेंच्या सायकलपाशी उभी. (दोन गोळ्या. एक आजची, एक उद्याची.)

"कुठं निघालात, बाम्बो?"

"तुम्हाला शोधायला, मायी."

"मग मला पण घ्या. वाट दाखवते."

नियमात 'शोधकानं रोग्याला शोधायला जाताना रोग्याला बरोबर नेऊ नये' असं कुठंही लिहिलेलं नाही. (मी दोनदा पाहिलं.) नागामा कॅरिअरवर बसली. वाटेत दोघांनी गरम तळलेली मंदासी खाल्ली, डोणीत एका मगरीला शिव्या घातल्या, चिम्वालाला पोचले. नागामा उतरली, घरात गेली, दार लावून घेतलं. लिकोस्वेंनी सायकल झाडाला टेकवली, घसा खाकरला.

"ओदी!"

"ओदिनी! कोण आहे? अगंबाई, बाम्बो लिकोस्वे! आज इकडं कुठं?"

लिकोस्वेंना हुंदका आला. तीन वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सापडलं होतं.

'सापडली' अशी चिठ्ठी घेऊन ते आले तेव्हा डॉ. रॉसबी इथंच होते. भला माणूस. नागामा सापडली म्हणून ते खरंच नाचले, मग खुर्चीत बसून कपाळाला हात लावला. अहवाल बुधवारीच परिषदेला गेला होता. तिसरा गुरुवार तेव्हा उजाडायचा होता. पण पहिल्या दोन गुरुवारांवरून तो अंदाजानं भरला होता. त्याला शास्त्रात मान्यता आहे. नागामा बुधवारीच वारली होती.

"मयताला गोळ्या देता येत नाहीत," डॉक्टर हळहळले, "पण नव्या रोग्याला त्याच दिवशी देतो आपण. नवी नोंदणी मंगळवारी!"

मंगळवारी चौघी बायका नव्यानं आल्या, नव्यानं तपासल्या गेल्या, आणि समुपदेशक सिस्टर ताडालानं नागामाला समोर बसवून हळुवार आवाजात सांगितलं, "मायी, धीर धरा. एचआयव्ही म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे."

"बाई, शेवट बुधवारीच झालाय. पुढचं सांग."

"आजाराचं तुम्हाला कधी कळलं?"

"अकरा वर्षांपूर्वी."

"इथं 'आज' लिहायचं असतं."

"मग 'आज' लिही. रडू का थोडी?"

"रडलात तर बरं. रकाना आहे."

चौघींना नव्वद नव्वद गोळ्या मिळाल्या. बाहेर व्हरांड्यात बसून त्यांनी त्या मोजल्या आणि नाम्बेवेसाठी तिच्या वाट्याच्या बाजूला बांधल्या. नव्या रोग्यांनी जुन्या रोग्याला गोळ्या दिल्याची नोंद नाही.

नव्या नोंदणीची पुरवणी जोडल्यावर अहवाल गाजला. नदीपलीकडच्या एका चिमुकल्या गावात एका आठवड्यात चार मृत्यू आणि चार नव्या लागणी! दुरावा सिद्ध झाला. हा उद्रेक कशानं झाला ते शोधायला आता दुसरा प्रकल्प येतोय. लिकोस्वेंना मोटारसायकल मिळणार, मला चौथा शिक्का.

एकच गोष्ट कुठल्या कागदावर नाही. शुक्रवारी नागामानं शेवटची गोळी घेतली. शनिवार, रविवार, सोमवार तिची डबी रिकामी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या तीन दिवसांत ती किती भ्यायली असेल, कल्पना करवत नाही मला. पण रजिस्टरात तिचा एकही दिवस चुकलेला नाही: जुनी नागामा मेली होती, मेलेल्यांची गोळी चुकत नाही, आणि नव्या नागामाची मंगळवारी पहिलीच होती. लाल शिक्का मी मारला होता. मला लाज वाटते, बास.

आणि तुम्ही फार तोऱ्यात हसू नका. डबीत किती उरल्यात ते मी तुम्हाला दर गुरुवारी सांगत होतो, कंसात का होईना. तुम्ही कोंबडीत रमला होता. सांगा बरं, दुसऱ्या गुरुवारी किती होत्या? नाही ना आठवत? मागे जाऊन शोधा. फक्त शोधण्याचा वार गुरुवार आहे, तेवढं सांभाळा.